लिफ्टची सोय आहे

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे बोलायला विषय कमी पडत नाहीत. रस्ते किती स्वच्छ, माणसे रांगेत कशी उभी राहतात, आठ दिवसांत गाडीचा हॉर्न एकदाही कसा ऐकू आला नाही, हे सगळे घरी आलेल्यांना चहाबरोबर मिळते. मग फोटो निघतात. त्यांत आयफेल टॉवर असतो, बर्फ असतो, कुठल्याशा पुतळ्याशेजारी साडीवर स्वेटर घालून उभ्या राहिलेल्या काकू असतात. नसते ती रात्री जिथे पाठ टेकली ती खोली. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर ‘ठीक होती हो, झोपायलाच तर जायचं असतं’ एवढे म्हणून विषय बदलला जातो. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून गेलेल्या माणसाला, तिथे आपल्या वाट्याला कोंदट माळा आला, हे सांगणे कमीपणाचे वाटते. त्यामुळे पुढचा जाणारा पुन्हा त्याच माळ्यावर जाऊन पडतो.

मी त्या खोलीविषयीच लिहिणार आहे. टेम्स नदी, राणीचा वाडा वगैरे इतरांनी भरपूर लिहून ठेवले आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे, मी आणि पत्नी, लंडनला गेलो. आमचे गाव दिघाशी, तालुका भिवंडी. भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. पण याच तालुक्यात वज्रेश्वरी आहे, गणेशपुरी आहे, तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालो. लंडनची ओढ माझी नव्हे, हिची. लहानपणी ६ डिसेंबरला वडिलांच्या खांद्यावर बसून ही चैत्यभूमीवर जात असे. बाबासाहेब ज्या घरात राहून शिकले ते घर एकदा डोळ्यांनी पाहायचे, हे तिने तेव्हापासून मनात धरलेले. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. ‘बाकीचं लंडन मिळालं तर मिळालं,’ ही म्हणाली, ‘तेवढं घर चुकवू नका.’

हिचे दोन्ही गुडघे दुखरे. म्हणून हॉटेल ठरवताना एजंटला मी एकच अट घातली होती. खोली लहान चालेल, खिडकीतून काही दिसले नाही तरी चालेल, टीव्ही तर नकोच. लिफ्ट मात्र हवी. पॅडिंग्टन स्टेशनजवळचे एक हॉटेल ठरले. रात्रीला ९५ पौंड, पाच रात्रींचे ४७५, म्हणजे त्या वेळच्या दराने एकोणपन्नास हजार रुपयांच्या आसपास. लंडनमध्ये याला ‘बजेट हॉटेल’ म्हणतात. पैसे आगाऊ, आणि परत मिळणार नाहीत या अटीवर. पावतीवर सोयींची यादी होती आणि तिच्यात इंग्रजीत स्पष्ट छापले होते, लिफ्टची सोय आहे.

लिफ्ट होती. अगदी दारातून शिरल्यावर समोरच होती. दोन माणसे एकमेकांना अंग घासून उभी राहतील एवढी. तिच्या दारावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला होता आणि त्याची चिकटपट्टी पिवळी पडून कडांनी सुटू लागली होती. चिकटपट्टी एका आठवड्यात पिवळी पडत नाही, हे सांगायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. काउंटरवरच्या मॅनेजरने सांगितले की एक सुटा भाग इटलीहून यायचा आहे. आमची खोली चौथ्या मजल्यावर. मी पायऱ्या मोजल्या, एक्याहत्तर. वज्रेश्वरीच्या देवळाला बावन्न पायऱ्या आहेत आणि त्या ही दोनदा बसून, देवीचे नाव घेत चढते. इथे एकोणीस जास्त, आणि वर देवी नाही.

त्या इमारतींविषयी मला पुढे कुतूहल वाटू लागले. पॅडिंग्टनच्या त्या बाजूला एकाला एक चिकटून पांढऱ्या खांबांची घरे रांगेने उभी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक दारावर हॉटेलची पाटी आहे. हॉटेल म्हणून ती कोणी बांधली नव्हती. पॅडिंग्टनला रेल्वे आली १८३८ साली, आणि त्यानंतरच्या दशकांत हा भाग खात्यापित्या कुटुंबांच्या घरांनी भरत गेला. अशा घराची रचना ठरलेली असे. तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर उंच छताचा दिवाणखाना, त्यावर मालकांच्या झोपायच्या खोल्या आणि अगदी वर, कौलाखाली, नोकर. वर जावे तसा जिना अरुंद होतो, छत खाली येते, खिडकी आखडते. पुढे एवढी घरे सांभाळणे कोणाला परवडेना, नोकर मिळेनात, तेव्हा त्यांची बोर्डिंगे झाली, मग हॉटेले. मोठ्या खोल्यांत मधे भिंती घालून दोनाच्या चार केल्या. दुसऱ्या मजल्यावर झाडलोट चालू असताना एका उघड्या दारातून मी पाहिले, छताच्या कडेची चुन्याची सुंदर नक्षी एका फळीच्या भिंतीत घुसली होती आणि पलीकडे, शेजारच्या खोलीत, बाहेर पडली होती.

म्हणजे कमी पैसे देणाऱ्याला चौथा मजला मिळतो तो आजचा नियम नाही. दीडशे वर्षांपूर्वी जिथे मोलकरणीची खाट होती, तिथेच आमची खाट होती. हिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘तिला पगार तरी मिळत असेल.’

आता उकाड्याचे. लंडनला थंडी असते म्हणून आम्ही दोन स्वेटर, एक शाल आणि कानटोपी नेली होती. त्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे सलग सात दिवस पारा तीस अंशांच्या वर गेला. सप्टेंबरात असे पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. नेमके तेच आमचे दिवस. दिवसभर तापलेले छप्पर रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता सोडत राही. पंखा नाही, वातानुकूलन नाही, आणि खिडकी चार बोटे उघडून अडकते. कोणी खाली पडू नये म्हणून तिथे खिडकीला अशी अडसर लावतात. दिघाशीत मे महिन्यात वीज गेली की आम्ही अंगणात खाट टाकतो. इथे अंगण एक्याहत्तर पायऱ्या खाली होते आणि तिथे कचऱ्याचे डबे होते.

न्हाणीघर म्हणजे एका कोपऱ्यात उभे केलेले काचेचे कपाट. त्यातल्या नळाला पाणी येई ते दोऱ्याएवढे. याचे कारण मात्र मला चटकन कळले, कारण ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे. जुन्या इंग्रजी घरांत पाण्याची टाकी छपराखाली माळ्यावर असते. टाकीपासून नळ जितका खाली, तितका पाण्याला जोर. तळमजल्यावरच्या पाहुण्याला धबधबा. आम्ही टाकीच्या बुडाशीच राहत होतो, आम्हाला थेंब. बेसिनला गरम आणि थंड असे दोन वेगळे नळ असण्याचे मूळही त्या टाकीतच आहे. थंड पाणी थेट नगराच्या नळातून येते आणि पिण्याजोगे असते. गरम पाणी टाकीतून फिरून येते. ती दोन मिसळू नयेत म्हणून नळ वेगळे ठेवण्याची रीत पडली. रीत समजली, तरी एका हाताला चटका आणि दुसऱ्याला गारठा हे चुकले नाही. सकाळी साडेसातनंतर तोही प्रश्न उरत नसे, कारण गरम पाणी संपलेले असे. आमच्या तालुक्यात अकलोलीला आणि गणेशपुरीला जमिनीतून चोवीस तास कढत पाणी येते, त्याला कोणी पैसे मागत नाही, ही आठवण अशा वेळी यावी हे स्वाभाविकच आहे.

नाश्ता पैशांत धरलेला होता. तो तळघरात. म्हणजे आणखी चौदा पायऱ्या. पाव, मुरंबा, लोणी, चहा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाव ताजा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिचा उजवा गुडघा सुजला. तिसऱ्या दिवशी पाय खाली टेकवेना. बाबासाहेबांच्या घरी जायचे आम्ही त्याच दिवशी ठरवले होते. मी काउंटरवर जाऊन खालच्या मजल्यावरची खोली मागितली. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने यादी पाहिली आणि सांगितले की हॉटेल भरलेले आहे. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली शुक्रवारी मोकळी होईल, तिला रात्रीला चाळीस पौंड जास्त पडतील. आम्ही शनिवारी निघणार होतो. मी पावती काढून लिफ्टच्या ओळीवर बोट ठेवले. तो म्हणाला, ‘लिफ्ट आहेच, सर. सध्या चालत नाही एवढंच.’ आणि मग, मला बरे वाटावे म्हणून असेल, म्हणाला, ‘या दरात लंडनमध्ये याहून काय मिळणार?’

हे वाक्य मला त्या उकाड्यापेक्षा लागले. कारण ते खरे वाटते. आपण स्वस्त घेतले, मग आता बोलायचे कशाला, असे आपल्याच मनात येते, आणि हॉटेलवाल्याला ते ठाऊक असते.

रात्रपाळीला काउंटरवर एक तरुण असे. मूळचा सिल्हेटचा, शिकायला आलेला. त्याने त्या रात्री ऑफिसातला स्वतःचा टेबलफॅन काढला आणि एक्याहत्तर पायऱ्या चढून वर आणून दिला. ‘आंटी, मला खाली दार उघडं ठेवता येतं,’ म्हणाला. बर्फाची पिशवीही त्यानेच कुठून तरी मिळवली. हॉटेलच्या यादीत ही सोय छापलेली नव्हती.

पुढचे दोन दिवस ही खोलीत पडून होती. पहिल्या दिवशी तिने मला बळेच बाहेर काढले. मी एकट्याने किंग हेन्रीज रोडला जायला तयार नव्हतो, म्हणून ब्रिटिश म्युझियमकडे गेलो. तिथला घुमटाखालचा जुना गोल वाचनकक्ष बाहेरून पाहिला आणि एका बाकावर बराच वेळ बसून राहिलो. बाबासाहेबांचे दिवस या ग्रंथालयात जात. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या काळातल्या त्यांच्या बोर्डिंगचे वर्णन आहे. चालवणारी बाई कडक आणि हात आखडता. सकाळी माशाचा एखादा तुकडा, पाव-मुरंबा आणि चहा. रात्री मांसाच्या अर्काचे पेय आणि बिस्किटे. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत, गाडीभाड्याला नाहीत, म्हणून चालत जायचे. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, यांवर हे सारे चालले होते. मराठी माणसाच्या परदेशातल्या गैरसोयीच्या मुक्कामांची यादी करायची तर पहिले नाव याच बोर्डिंगचे घालावे लागेल. त्या मुक्कामातून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाहेर पडला.

परत आल्यावर हे सगळे मी हिला सांगितले. मला वाटले, तिचे मन थोडे शांत होईल. ती पाय उशीवर ठेवून पंख्याच्या वाऱ्यात बसली होती. म्हणाली, ‘त्या बाईनं जेवायला कमी दिलं असेल, पण खोली दिली ना? बडोद्याला काय झालं होतं?’

बडोद्याची गोष्ट १९१७ ची. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा शहरात त्यांना उतरायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेली माणसे वर आली आणि त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. तेव्हा परदेशापेक्षा आपल्याच देशातले दार जास्त बंद होते. अर्थात लंडनची दारेही सगळ्यांना उघडी नव्हती. हिंदी विद्यार्थ्यांना नीट राहता यावे म्हणून श्यामजी कृष्ण वर्मा यांना १९०५ साली हायगेटला इंडिया हाऊस काढावे लागले. १९४३ साली वेस्ट इंडिजचा प्रख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला रसेल स्क्वेअरच्या एका हॉटेलात, खोली आधी ठरवलेली असूनही, कातडीच्या रंगावरून राहू दिले नाही. तो कोर्टात गेला आणि पुढच्या वर्षी जिंकला. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी. रक्कम किरकोळ होती, पण ठरलेली खोली नाकारणाऱ्या हॉटेलला जाब विचारता येतो, हे त्याने दाखवून दिले.

माझी तक्रार त्यापुढे फारच लहान आहे, हे मला कळते. तरीही ती करावी असे मला वाटते, कारण स्वस्त असणे आणि खोटे असणे या दोन गोष्टी तो मॅनेजर एकाच पिशवीत घालत होता. जगात स्वस्त मुक्कामाचा धंदा सरळपणानेही होतो. अमेरिकेत १९६२ साली ‘मोटेल सिक्स’ निघाले. नावातच दर होता, रात्रीला सहा डॉलर. टीव्ही हवा तर नाणे टाकायचे. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात ‘फॉर्म्युल वन’ नावाची हॉटेले निघाली. संडास-न्हाणी खोलीबाहेर, सगळ्यांत सामाईक. जपानात १९७९ साली ओसाकाला तर माणूस आडवा होईल एवढीच पेटी भाड्याने मिळू लागली. यातल्या कोणी तुम्हाला राजवाडा दाखवून पेटी दिली नाही. काय मिळणार नाही ते आधी सांगितले आणि तेवढे पैसे कमी घेतले.

लांब कशाला जायचे? मी तरुण असताना, सत्तरच्या दशकात, स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमामुळे गणेशपुरीला गोरे लोक यायला लागले होते. काही जण आसपासच्या घरांतून खोली घेऊन राहत. घरमालकीण बाई त्यांना हाताने खुणा करून आधीच दाखवी, संडास मागे परसात, पाणी विहिरीचे, रात्री उंदीर फिरतात. ते हसून राहत. त्यांनी आपल्या देशी परतून काय सांगितले असेल ते असो, पण उंदीर लपवून ठेवला होता असे ते म्हणू शकणार नाहीत.

आता कोणी म्हणेल, हॉटेलला तारे असतात, ते बघून घ्यावे. हे तारे म्हणजे जगभर एकच माप आहे असा आपला समज असतो. तसे नाही. फ्रान्समध्ये आणि आपल्याकडे तारे देणारी यंत्रणा सरकारी आहे, तिथली आणि इथली मोजपट्टी वेगळी. इंग्लंडमध्ये तारे घेणे ऐच्छिक आहे. न घेताही हॉटेल चालवता येते. आणि कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. सेवेबद्दल दिशाभूल करणारी माहिती देऊन गिऱ्हाईक मिळवू नये, हे तिथे २००८ पासून नियमात आहे. ‘शेवटचीच खोली उरली आहे’ असे दाखवून घाई करायला लावणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांकडून तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०१९ साली सुधारणा करण्याचे लिहून घेतले. एप्रिल २०२५ पासून तर खोटे अभिप्राय छापणे आणि आधी कमी दर दाखवून मागाहून सक्तीचे आकार जोडणे यांवर नव्या कायद्याने बंदी आली. पण पाच रात्रींसाठी आलेला परदेशी म्हातारा सहाव्या दिवशी विमानात बसलेला असतो, दावा कोण लावणार? छपराखालची खोली त्याच्याच वाट्याला येते यात मला नवल वाटत नाही.

शनिवारी, निघायच्या दिवशी, आम्ही पहाटेच उठलो. विमान दुपारचे होते आणि दहाच्या आत खोली सोडायची होती. सिल्हेटचा मुलगा आणि मी, दोघांनी हिला दोन बाजूंनी धरून पायऱ्या उतरवल्या. दर मजल्यावर थांबत पंचवीस मिनिटे लागली. काळी टॅक्सी करून आम्ही किंग हेन्रीज रोडला पोचलो तेव्हा नऊही वाजले नव्हते. शांत रस्ता, दोन्ही बाजूंना झाडे. दार बंद होते. उघडायला वेळ होता आणि आमच्याजवळ वेळ नव्हता. भिंतीवरच्या निळ्या गोल फलकावरचे नाव हिने बोट फिरवत वाचावे तसे, पण लांबूनच, हळूहळू वाचले. मग चपला काढल्या आणि फुटपाथवर हात जोडून उभी राहिली. टॅक्सीवाल्याने मीटर थांबवले होते की नाही मला आठवत नाही. पैसे त्याने पोचताना ठरले होते तेवढेच घेतले. आत बाबासाहेबांची खोली कशी आहे, जिना कसा आहे, यातले आम्ही काही पाहिले नाही.

घरी आल्यावर मी हॉटेलला पत्र लिहिले. पावतीची प्रत, कागद चिकटवलेल्या लिफ्टचा फोटो आणि पायऱ्यांचा आकडा जोडला. पैसे परत मागितले नाहीत. लिफ्ट चालत नसेल तर यादीतून ती ओळ काढा, एवढीच मागणी केली. पाच आठवड्यांनी उत्तर आले. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती आणि पुढच्या मुक्कामावर दहा टक्के सवलत देऊ केली होती, मार्चअखेरपर्यंत वैध. इटलीहून सुटा भाग आला आहे, असेही त्यात होते.

हिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. म्हणाली, ‘अहो, भाग आला, पण बसवला का ते विचारा.’ तसे मी विचारले. त्या पत्राला अजून उत्तर नाही, आणि परवा मुलाने मोबाइलवर पाहिले तेव्हा यादीतली ती ओळ जिथल्या तिथे होती.